मुलाचं पहिलं स्काऊट शिबिर: पालकांनी काय करायचं आणि कुठे थांबायचं

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी मैदानावर एक दृश्य हमखास दिसतं. अंधार पडत आलेला असतो, बाकीची मुलं टॉर्च घेऊन पाणी आणायला निघालेली असतात, आणि एक मूल उघड्या सॅकसमोर उकिडवं बसून कपडे उपसत असतं. टॉर्च सॅकमध्ये आहे, नवी आहे, सेलही नवे आहेत. पण ती कुठल्या कप्प्यात आहे हे फक्त घरी बसलेल्या आईला माहीत आहे, कारण सॅक तिने भरली होती.

पालक मदत कमी करतात असं सहसा होत नाही. चुकतं ते दुसरीकडे. मुलाने करायची कामं पालक करून टाकतात आणि पालकांनीच करायची कामं अर्धवट राहतात. सॅक इस्त्रीच्या कपड्यांनी भरलेली असते, पण आरोग्याच्या फॉर्मवर ‘दम्याचा त्रास’ एवढे दोनच शब्द असतात.

स्काऊट-गाईडचं काम संघपद्धतीवर चालतं. साधारण ६ ते ८ मुलांचा एक संघ असतो आणि त्यांच्यातलाच एक संघनायक असतो. पाणी, चूल, तंबू, भांडी ही कामं संघात वाटलेली असतात. ज्या मुलाला आपलं सामान सापडत नाही, ते संघाला पुढे जाऊ देत नाही. हे त्याला स्वतःलाही लगेच कळतं आणि लागतं. पुढचा क्रम पहिल्या मुक्कामी शिबिरासाठी आहे. सुरुवात सहा आठवडे आधी करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही गोष्टी शेवटच्या आठवड्यात दुरुस्त होत नाहीत.

टप्पा १. कामांची वाटणी (सहा आठवडे आधी)

एका कागदावर मधोमध रेघ मारा आणि मुलाला शेजारी बसवा.

पालकांच्या बाजूला ही कामं येतात: परवानगीचा आणि आरोग्याचा फॉर्म, शुल्क, औषधं, बूट मापाचे घेणं, पोहोचवणं आणि आणणं. मुलाच्या बाजूला: सामानाची यादी आपल्या हाताने लिहून काढणं, वस्तूंवर नाव घालणं, सॅक भरणं, गाठींचा सराव, आणि शंका असेल तर संघनायकाला विचारणं.

शेवटचं काम सगळ्यात जास्त हुकतं. ‘चाकू न्यायचा का?’ असा प्रश्न मुलाच्या मनात आला की पालक फोन उचलतात आणि थेट पथकप्रमुखाला, म्हणजे स्काऊटमास्तरांना किंवा गाईड कॅप्टनला, विचारतात. तिथे संघनायक बाजूला पडतो आणि आपलं मूल सगळ्या संघात ‘आईला विचारून सांगतो’ वालं ठरतं. सामानाचा, कामाचा, गणवेशाचा प्रश्न असेल तर मुलाने संघनायकाला विचारायचं. आरोग्य, सुरक्षितता आणि पैसे यांबद्दल पालकांनी पथकप्रमुखाशी बोलायचं.

टप्पा २. पथकप्रमुखाशी एकदाच, पण पुरतं बोलणं

हे बोलणं फोनवर गडबडीत उरकू नका. वीस मिनिटं प्रत्यक्ष भेटा आणि हे विचारा:

१. किती मोठी माणसं सोबत असतील? रात्री मुक्कामाला किती राहतील?
२. मुलं कुठे झोपतील, मोठी माणसं कुठे?
३. औषधं कोण सांभाळणार आणि देणार? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाचं झालंय?
४. सगळ्यात जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथे जायला वाहन हाताशी असेल का?
५. पोहणं, होडी, दोरावरचे खेळ असतील तर त्यावर देखरेख कोण करणार?
६. मुलांच्या फोनबद्दल काय नियम आहे? पालकांना निरोप कसा मिळेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. मोठ्या माणसाने मुलांच्या तंबूत झोपायचं नाही. एकटं मूल आणि एकटं मोठं माणूस बंद जागेत किंवा इतरांच्या नजरेआड राहील अशी वेळ येऊ द्यायची नाही. जागतिक स्काऊट संघटनेचं मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचं धोरणच आहे, त्यामुळे चांगल्या पथकप्रमुखाला हे प्रश्न मुळीच खटकत नाहीत.

सावधान: उत्तरं टोलवली जात असतील, ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ एवढंच ऐकू येत असेल, तर या वेळी मुलाला पाठवू नका. शिबिर पुन्हा येतं.

मुलालाही एक वाक्य स्पष्ट सांगून ठेवा: “कोणी मोठं माणूस म्हणालं की हे घरी सांगू नकोस, तर ते मला नक्की सांगायचं. तुझ्यावर कोणी रागावणार नाही.”

टप्पा ३. बूट (पाच आठवडे आधी)

शिबिरात मुलं पायाच्या फोडांनी बेजार होतात, आणि त्यातले बरेच फोड आठवडाभर आधी घेतलेल्या नव्या बुटांमुळे येतात.

१. बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, चालतानाही सुजतात.
२. शिबिरात घालायचे तेच मोजे घालून माप पाहा.
३. लेस न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. लेस बांधून उतारावरून चालवून पाहा. अंगठा पुढे आपटला तर बूट लहान आहे.
४. चालताना टाच वर उचलली जाता कामा नये. टाच घासली की तिथेच फोड येतो.
५. पहिले तीन-चार दिवस घरात तासभर, मग बाहेर अर्धा तास, मग सॅक घेऊन एक-दोन तासांची फेरी. असे निदान तीन आठवडे जाऊ द्या.

वाढत्या मुलाला ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन मापं मोठे बूट घेऊ नका. पाय आत सरकतो, टाच घासते, आणि उतारावर बोटं पुढे जाऊन नखं काळी पडतात.

फोडाबद्दल मुलाला एकच गोष्ट शिकवायची: हुळहुळायला लागलं की लगेच थांबायचं. फोड यायच्या आधी ती जागा गरम आणि लाल होते. त्याच वेळी बूट काढून, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावली तर फोड टळतो. संघ पुढे जाईल म्हणून मुलं गप्प राहतात आणि लंगडत परततात. “मला दोन मिनिटं थांबायचंय” हे मोठ्याने म्हणायचा सराव घरच्या फेरीतच करून घ्या. आलेला फोड फोडायचा नाही, हेही सांगा. शिबिराला निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं सरळ रेषेत कापा. आदल्या रात्री खोल कापलेलं नख बुटात टोचतं.

टप्पा ४. आरोग्याचा फॉर्म (चार आठवडे आधी)

रात्री अडीच वाजता टॉर्चच्या उजेडात, मुलाला कधीही न पाहिलेल्या माणसाने हा फॉर्म वाचला तर त्याला काय करायचं ते कळेल का? या कसोटीवर प्रत्येक ओळ लिहा.

‘दम्याचा त्रास’ असं लिहून काही कळत नाही. त्याऐवजी: कशाने त्रास सुरू होतो (धूळ, धूर, थंड हवा, पळणं), पहिलं लक्षण कोणतं (बहुतेकदा कोरडा खोकला), कोणता पंप, डॉक्टरांनी सांगितलेले किती फवारे, किती वेळात आराम पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय. शेकोटीचा धूर शिबिरात असतोच, म्हणून हा तपशील लागतो.

ॲलर्जीचंही तसंच. पदार्थाचं किंवा औषधाचं नाव लिहून थांबू नका. पुरळ येतं, ओठ सुजतात की श्वास अडकतो, ते लिहा. श्वासाचा त्रास एकदा जरी झाला असेल तर ते फॉर्मवर लिहाच आणि तोंडीही सांगा.

औषधं मूळ वेष्टनात द्या. सुट्या गोळ्या डबीत घालून देऊ नका. एका कागदावर मुलाचं नाव, औषध, मात्रा, वेळ आणि जेवणाआधी की नंतर, असं लिहून तो वेष्टनाला रबराने बांधा आणि सगळं प्रमुखाच्या हातात द्या, मुलाच्या सॅकमध्ये नको. दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन मात्र मुलाच्या अंगावरच असायला हवं. त्याची दुसरी जोडी प्रमुखांकडे द्या.

सावधान: रोजचं औषध ‘शिबिरापुरतं राहू दे’ म्हणून बंद करू नका. लक्ष लागण्यासाठीचं औषध असो की फिट्सचं, नवी जागा आणि अपुरी झोप असताना ते बंद करणं धोक्याचं आहे. बदल करायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आता लाजेपोटी लपवल्या जाणाऱ्या गोष्टी. मूल रात्री अंथरुण ओलं करत असेल तर प्रमुखाला सांगा. शिबिर चालवणाऱ्यांना हे नवं नसतं. ते मुलाला रात्री उठवू शकतात, तंबूच्या दारापाशी जागा देऊ शकतात, सकाळी गाजावाजा न करता स्लीपिंग बॅग बदलू शकतात. स्लीपिंग बॅगमध्ये गडद रंगाचं अस्तर घाला. रात्री घालायची शोषक (डायपरसारखी) चड्डी लागत असेल तर ती बॅगच्या आतच ठेवा आणि आतल्या आत घालायची-काढायची कशी, ते घरी करून पाहायला लावा. सांगितलं नाही तर मूल रात्रभर जागं राहतं किंवा पाणी पिणंच सोडतं.

मुलगी पाळी सुरू होण्याच्या वयाची असेल तर पाळी आलेली नसली तरी पॅड द्या, ते कसं लावायचं आणि वापरलेलं कसं गुंडाळून टाकायचं ते दाखवा, आणि तिथे कोणाला सांगायचं त्या ताईंचं नाव तिला माहीत करून द्या.

तपासा: झोपेत चालणं, धनुर्वाताच्या शेवटच्या लशीची तारीख, चष्म्याचा नंबर, आणि पालकांचा फोन लागला नाही तर दुसऱ्या कोणाला करायचा. या चार जागा रिकाम्या तर नाहीत ना?

टप्पा ५. घरचा सराव (तीन आठवडे आधी)

रविवारी दोन तास बसवू नका. रोज दहा मिनिटं पुरतात.

*गाठी.* दोन मीटर लांब, सुमारे ८ मिलिमीटर जाड, हाताला थोडी खरखरीत लागेल अशी दोरी घ्या. बुटाच्या लेसने किंवा गुळगुळीत नायलॉनच्या बारीक दोरीने शिकवायला गेलं की गाठ दिसत नाही आणि सुटते, मग मूल कंटाळतं. दोरीचा अर्धा भाग रंगवा, म्हणजे कोणतं टोक कुठून गेलं ते कळतं.

मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की त्याचा उजवा तुमचा डावा होतो आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं एकमेकांना बांधायची सपाट गाठ, पाहा. उजव्या हातातलं टोक डाव्या टोकावर ठेवून खालून काढायचं. आता तेच टोक डाव्या बाजूला आलं. ते पुन्हा उजव्यावर ठेवून खालून काढायचं आणि ओढायचं. दोन्ही वेळा एकच टोक वर राहतं, एवढं लक्षात ठेवलं की गाठ चुकत नाही. दुसऱ्या खेपेला मुलं सवयीने पुन्हा उजवंच टोक वर घेतात आणि ग्रॅनी नॉट बनते. ती दिसायला जवळपास तशीच असते, पण ताण आला की घसरते.

ओळखायचं असं: बरोबर गाठ सपाट बसते आणि प्रत्येक टोक आपल्याच दोरीला चिकटून, समांतर बाहेर पडतं. चुकलेल्या गाठीत टोकं आडवी, काटकोनात बाहेर येतात. दोन्ही बाजू धरून एकमेकींकडे ढकलल्या तर रीफ नॉट सैल होऊन उमलते. हे मुलांना फार आवडतं, आणि बँडेजसाठी ही गाठ का वापरतात तेही त्यातून कळतं.

सावधान: रीफ नॉटने दोन दोर जोडून त्यावर वजन कधीही टाकायचं नाही. जाड-बारीक दोऱ्या जोडायला शीट बेंड, खांबाला बांधायला क्लोव्ह हिच, न आवळणाऱ्या फाशासाठी बोलाइन. पहिल्या शिबिराला या चार पुरतात.

चुकली तर हातातून दोरी काढून घेऊ नका. “टोकं कशी बाहेर पडलीत बघ” एवढंच म्हणा आणि थांबा. तुम्हाला गाठ येत नसेल तर उत्तमच, मुलाला शिकवायला सांगा.

*झोपणं.* एक रात्र घरातच जमिनीवर मॅट आणि स्लीपिंग बॅगमध्ये झोपू द्या. बॅगची चेन आतून उघडता येते का? अंधारात चप्पल सापडते का? थंडीच्या शिबिरासाठी जाड बॅग घेतली जाते आणि मॅट पातळ राहते. अंगाखाली दबलेल्या बॅगेच्या भरावात हवा उरत नाही, त्यामुळे खालून येणारी थंडी बॅग अडवत नाही, ती मॅटच अडवते. झोपण्याआधी अंगावरचे सगळे कपडे बदलायचे, मोजेसुद्धा, कारण दिवसभरचे कपडे कोरडे वाटले तरी घामाने दमट असतात. तोंड बॅगेत घेऊन झोपायचं नाही, श्वासाच्या वाफेने बॅग आतून ओलावते.

*हातची कामं.* आपलं ताट घासणं, कपडे पिळून वाळत घालणं, स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबणं (घडी घालत बसायचं नाही, पायाकडून मुठीने आत दाबत जायचं), गणवेशाचा स्कार्फ गुंडाळणं. स्कार्फची लांब बाजू समोर ठेवून ती टोकाकडे घट्ट गुंडाळत न्यायची आणि शेवटी पाठीवर त्रिकोण दिसेल एवढा भाग मोकळा ठेवायचा. टोकाकडून सुरुवात केली तर तो त्रिकोणच उरत नाही.

टप्पा ६. घराबाहेरची रात्र आणि घरची आठवण

शिबिराआधी मुलाने एक-दोन रात्री आजीकडे, मावशीकडे किंवा मित्राकडे, आई-बाबांशिवाय आणि झोपताना फोन न करता काढलेल्या असाव्यात. यापेक्षा चांगली तयारी नाही.

“तिथे सगळं मस्त असेल, तुला आठवणच येणार नाही,” असं सांगू नका. आठवण येते, आणि मग मुलाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. “पहिल्या रात्री करमणार नाही कदाचित. बऱ्याच जणांचं तसंच होतं. तेव्हा काय करशील?” असं विचारा. उत्तर त्याच्याकडूनच येऊ द्या आणि मग तीन गोष्टी ठरवा: संघनायकाला सांगायचं, तोंड धुऊन पाणी प्यायचं, हाताला काहीतरी काम मागायचं. आठवण झोपताना, जेवताना आणि दुपारच्या रिकाम्या वेळी जास्त येते, हेही आधीच सांगून ठेवा. काम चालू असलं की ती मागे पडते.

सावधान: “नाही आवडलं तर फोन कर, मी येऊन घेऊन जाईन,” हे वचन देऊ नका. मायेने बोललेलं असतं, पण त्याचा अर्थ मुलाला असा लागतो की तू राहू शकशील असं आम्हालाही वाटत नाही. मग पहिल्याच अवघड क्षणी ते राहायचा प्रयत्न सोडून फोनच्या मागे लागतं. वचन दिलं नाही म्हणजे गरज पडली तर जायचं नाही असं नव्हे. तो निर्णय तुमचा आणि प्रमुखांचा, मुलाच्या डोक्यावर ठेवू नका.

चिठ्ठी द्यायची असेल तर छोटी द्या. “तंबूत कोण कोण आहे ते मला येऊन सांग” असं लिहा. “तुझ्याशिवाय घर खायला उठतंय” असलं काही नको.

टप्पा ७. सॅक भरणं (तीन दिवस आधी)

या टप्प्यात पालकांचे हात मागे आणि तोंड पुढे. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे.

१. मुलाने यादीतलं सगळं आधी जमिनीवर मांडायचं. थेट सॅकमध्ये काही जात नाही. मांडलं की दिसतं: चार टी-शर्ट आहेत, मोजे एकच जोड.

२. प्रत्येक वस्तूवर नाव. मोज्यांवरही, डब्याच्या झाकणावरही. परतताना मैदानावर उरलेल्या ढिगात एकसारखे निळे मोजे असतात आणि कोणालाच आपले ओळखता येत नाहीत.

३. एकेका दिवसाचे कपडे एकेका पिशवीत. तिसऱ्या दिवशी अख्खी सॅक उपसावी लागत नाही. झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत आणि ते दिवसा काहीही झालं तरी घालायचे नाहीत. सुती कपडा भिजला की वाळायला फार वेळ लागतो आणि अंगाला गारठा देतो, म्हणून एक थर तरी लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कापडाचा हवा.

४. सॅकच्या आत आधी मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची आणि सामान तिच्यात. वरचं पावसाळी कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही आणि वाऱ्याने उडतं.

५. तळाशी स्लीपिंग बॅग. मध्ये, पाठीला चिकटून, जड वस्तू. बाहेरच्या बाजूला हलक्या. सगळ्यात वर रेनकोट आणि गरम कपडा. टॉर्च, पाणी आणि चिकटपट्टी बाहेरच्या कप्प्यात. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते आणि मूल पुढे वाकून चालतं.

६. साधारण एक चतुर्थांश जागा रिकामी ठेवायची. घरी गच्च भरलेली सॅक बघून समाधान वाटतं, पण संघाचं सामान, म्हणजे भांडी, दोर, तंबूचा एखादा भाग, तिथे पोहोचल्यावर वाटलं जातं. ज्याच्या सॅकमध्ये जागा नाही त्याला ते हातात धरून चालावं लागतं.

७. टॉर्चमध्ये सेल आणि पत्रा यांच्या मध्ये कागदाची चिंधी घाला, नाहीतर सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन पहिल्या रात्रीच सेल संपतात. कपाळावर बांधायची टॉर्च हातातल्या टॉर्चपेक्षा बरी, दोन्ही हात मोकळे राहतात.

महागडं घड्याळ, आवडता टॅब, डबाभर खाऊ घरी. तंबूतल्या खाऊला मुंग्या आणि उंदीर लागतात. लहान मुलाचं एखादं जुनं सॉफ्ट टॉय मात्र उशीच्या खोळीत घालून जाऊ द्या. चाकू यादीत असेल तरच, आणि बसून, शरीरापासून बाहेरच्या दिशेने कापायची सवय झाली असेल तरच.

तपासा, वजन: मुलाला काट्यावर आधी नुसतं आणि मग सॅकसह उभं करा. सॅक घेऊन चालायचं असेल तर ती शरीराच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास असावी. मूल ४० किलोचं असेल तर ६ किलो. त्याच्यासाठी ८ किलोच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यात संघाच्या सामानाचा वाटाही धरा.

तपासा, पट्टे: आधी सगळे पट्टे सैल. सॅक पाठीवर घेऊन कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर आणायचा आणि तो पहिल्यांदा आवळायचा. मग खांद्याचे, शेवटी छातीचा. वजन कमरेवर यायला हवं. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मुलं उलट करतात, खांद्याचे पट्टे आधी ओढतात आणि कमरेचा लोंबत ठेवतात.

तपासा, अंधार: खोलीतला दिवा घालवा. “टॉर्च काढ. आता रेनकोट. आता कोरडे मोजे.” तिन्ही मिळून एका मिनिटात निघाले तर सॅक तयार. नाही निघाले तर पुन्हा भरायची, त्यानेच. रात्री मूल झोपल्यावर ती ‘नीट’ लावून ठेवायचा मोह होईल. नका लावू.

टप्पा ८. निघताना आणि शिबिर चालू असताना

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, औषधं हातात द्या, निरोप घ्या आणि निघा. मूल रडवेलं झालं तर जास्त वेळ थांबल्याने रडू वाढतं. सॅक गाडीतून मुलानेच उतरवायची.

मधल्या दिवसांत फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. रोज फोटो मागू नका. फोटो काढणारा माणूस त्या वेळी मुलांवर लक्ष ठेवत नसतो. भेटीचा दिवस ठरलेला नसताना ‘सहज’ चक्कर मारू नका. तुमच्या मुलाला बरं वाटेल, पण त्याच्या तंबूतल्या इतर पाच जणांना घर आठवेल.

प्रमुखांचा फोन आला की मूल रडतंय, तर विचारा: कोणत्या वेळी रडतं? जेवतं का? झोपतं का? कामात रमतं का? रात्री रडतं पण दिवसा खेळतं, तर थांबा. फोनवर तुमचा आवाज ऐकवायचा की नाही हे प्रमुखांना ठरवू द्या, बऱ्याचदा त्याने सावरत आलेलं मूल पुन्हा कोसळतं. जेवण सुटलंय, झोप नाही, दिवसाही एकटं बसून आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही फरक नाही, तर घेऊन या. आणल्यावर “बाकीचे राहिले की!” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. किती रात्री राहिलं ते मोजा आणि तेवढंच बोला.

टप्पा ९. परत आल्यावर (पहिला दिवस)

क्रम असा: आधी शरीर, मग ओलं सामान, मग झोप, मग गप्पा.

आंघोळीच्या वेळी टाचा, बोटांमधल्या जागा आणि काखा पाहा. गवताळ किंवा झाडीच्या भागातून आलं असेल तर कानांमागे, केसांच्या कडेला आणि गुडघ्यांमागे गोचीड चिकटलेली नाही ना, तेही बघा.

तंबू किंवा स्लीपिंग बॅग पिशवीत तशीच पडू देऊ नका. दमट कापडाला एका-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते आणि तो वास जात नाही. पूर्ण वाळवून, स्लीपिंग बॅग सैल ठेवा, कोंबून नाही. वाळत घालायचं काम मुलाचंच.

“मजा आली का?” याला “हो” एवढंच उत्तर मिळतं. “तंबू उभारताना खुंट्या कोणी ठोकल्या?”, “भांडी घासायची पाळी किती वेळा आली?” असं विचारा, मग बोलणं सुरू होतं. बोलता बोलता मूल काही खटकणारं सांगू लागलं तर उलटतपासणी करू नका. ऐका, त्याचेच शब्द लगेच कागदावर लिहून ठेवा, आणि पथकप्रमुखाशी किंवा, तक्रार त्यांच्याबद्दलच असेल तर, त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांशी बोला.

बॅजबद्दल (एखादं कौशल्य चाचणीत दाखवलं की मिळणारं चिन्ह): कोणता बॅज मिळाला यापेक्षा त्यातलं काय करता येतं ते दाखवायला सांगा. चाचणीच्या वहीत मुलाऐवजी तुम्ही काही लिहू नका, आणि तुम्ही स्वतः पथकात मदत करत असाल तर आपल्या मुलाची चाचणी दुसऱ्या कोणाला घेऊ द्या. मदत करायची इच्छा असेल तर वाहन चालवणं, हिशेब, सामानाची दुरुस्ती अशी कामं मागा. मुलांच्या संघात उतरायची गरज नाही.

दोन दिवसांनी मुलाने लिहिलेली मूळ यादी बाहेर काढा. प्रत्येक वस्तूपुढे त्याने खूण करायची: वापरली, वापरली नाही. खाली लिहायचं: नव्हती पण हवी होती. न वापरलेलं पुढच्या वेळी काढायचं, फक्त रेनकोट, गरम कपडा, औषधं आणि प्रथमोपचाराचं सामान सोडून. ही चार न वापरता परत आली तरी यादीत राहतात. सुधारलेल्या यादीवर तारीख घालून ती सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवायला सांगा.